ग्रँड कॅनियनचं बुकिंग आणि नानांच्या खुर्च्या

मंदार (सॅन होजे): आई-बाबांशी कोणाचं बोलणं झालंय का? कालपासून दोघांचेही फोन लागत नाहीत. ग्रँड कॅनियनचं हॉटेल आज रात्रीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत, नाहीतर गेले. हो की नाही एवढं कळवायला काय जातं?

मीनलवहिनी: मंदारभावजी, दोघांचा विमा काढलाय ना? पॉलिसीचा कागद ग्रुपवर टाकून ठेवा.

शशीआत्या: सगळं ठीक आहे रे. मला फोटो आलाय ना. दादा, वहिनी आणि दादाचा मित्र दिवाकर खुर्च्या टाकून बसलेत, चहा चाललाय. मागे काटेरी खांब.

मंदार: आत्या, तो फोटो गेल्या रविवारचा आहे.

विनू: नाही, स्वेटर वेगळा आहे 😄

मंदार: विनू, चेष्टा नको. रात्री जागून प्लॅन केलाय मी. सेडोना, विन्स्लोजवळचं उल्काविवर, फ्लॅगस्टाफला लोवेल वेधशाळा, जिथे १९३० साली प्लूटो सापडला, आणि मग कॅनियन. आणि हे दोघं अ‍ॅरिझोनात, ग्रीन व्हॅलीत दिवाकरकाकांच्या अंगणात ठाण मांडून बसलेत!

भाऊकाका (मेहकर): उल्काविवर बघायला अमेरिका कशाला? आपलं लोणार १.८ किमी व्यासाचं, त्यांचं १.२. नाना इकडे आला की मी लोणारला चल म्हणतो, तर त्याची पाठ धरते.

विनू: काका, त्यांच्याकडे तिकीट आहे, कठडा आहे, म्युझियम आहे.

भाऊकाका: आपलं २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. माहीत नसेल तर बोलू नये.

विनू: 🙏

शशीआत्या: पाठ अ‍ॅरिझोनाला धरत नाही, मेहकरला धरते. नाशिकचं नाव काढलं की गुडघे. तीन मजले चढायचे म्हणून दादा माझ्याकडे दिवाळीनंतर फिरकलेला नाही. असो.

मंदार: आत्या, तो विषय आत्ता नको.

शशीआत्या: मी कुठे काढला? असो म्हटलं ना. आणि विनू, किल्ली तुझ्याकडे आहे ना? दादाच्या शेजारच्या सांगत होत्या, गॅलरीतली तुळस पार वाळलीय.

विनू: आत्या, वाघोलीहून कोथरूडला रोज येऊन पाणी घालू का? रविवारी घालतो.

शशीआत्या: मग घेऊ नये किल्ली.

मीनलवहिनी: तिकडे एक रात्र दवाखान्यात काढली तरी बिल किती होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पॉलिसीचा कागद कोणीतरी टाका.

नाना: सर्वांस नमस्कार. फोन बंद नव्हता, चार्जर इथल्या भिंतीत बसत नव्हता. आज दिवाकरने अ‍ॅडॉप्टर शोधून दिला. भाऊ, तू त्याआधी रात्री अडीचला फोन केला होतास. आम्ही तुमच्या साडेबारा तास मागे आहोत. इथे उन्हाळ्यातही घड्याळ तासभर पुढे करत नाहीत, तेव्हा हिशेब एकदाच पाठ कर.

भाऊकाका: मला वाटलं साडेदहा तास.

नाना: ते न्यूयॉर्क. तेही फक्त हिवाळ्यात.

मंदार: बाबा!! कॅनियनचं काय?

नाना: इथून साडेपाचशे किलोमीटरच्या वर. दक्षिण काठ सात हजार फुटांवर, फेब्रुवारीत बर्फ. उत्तर काठ तर हिवाळ्यात बंदच असतो असं दिवाकर म्हणतो.

मंदार: दक्षिण काठ वर्षभर उघडा असतो. प्लॅनमध्ये लिहिलंय. दुसरं पान.

नाना: वाचलं. अक्षर बारीक आहे.

सुमाकाकू: मंदार, चिडू नकोस. दिवाकरभावजींचा गुडघा बदललाय, त्यांना गाडीत तासाच्या वर बसवत नाही. त्यांना एकटं सोडून आम्ही दरी बघायला जायचं का? आणि शशीवन्सं, तो खांब नाही, निवडुंग आहे, सवारो म्हणतात त्याला. पहिला हात, म्हणजे फांदी, फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. भावजींच्या अंगणातल्याला अजून फुटलेला नाही.

विनू: आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखं.

सुमाकाकू: पहाटे गारठा असतो, दहानंतर छान ऊन. हिरवळ नाही, सगळीकडे खडी अंथरलेली. रात्री हावेलिना येतात, दिसायला रानडुकरासारख्या, आणि निवडुंग खातात, काट्यांसकट. इथल्या वसाहतीचा नियमच आहे, घरात एक तरी माणूस पंचावन्नच्या पुढचा लागतो, लहान मुलं राहायला चालत नाहीत. काय शांतता आहे म्हणून सांगू. समोरच्या बाई मिनेसोटाहून थंडी टाळायला येतात, त्यांना मी थालीपीठ शिकवलं.

शशीआत्या: बरं आहे बाई एकेकाचं.

नाना: आणि काहीच बघितलं नाही असंही नाही. टूसॉनला फेब्रुवारीत दगडांचा मोठा बाजार भरतो. खनिजं, स्फटिक, जीवाश्म. हॉटेलांच्या खोल्यांतूनसुद्धा विक्रीला मांडलेले असतात. दिवाकर तांब्याच्या खाणीत होता, त्याला त्यातलं कळतं. चाकाच्या खुर्चीतून फिरवला त्याला. एका टेबलावर पाटी, जळगाव, महाराष्ट्र. स्टिलबाइट आणि अ‍ॅपोफिलाइट नावाचे स्फटिक, आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातले. पुढच्या टेबलावर काचेखाली अंगठ्याएवढं निळंशार काहीतरी. खाली लिहिलंय कॅव्हनसाइट, वाघोली, पुणे. किंमत विचारली आणि हात मागे घेतला.

विनू: वाघोली?? आमची वाघोली??

नाना: हो. तिथल्या दगडखाणीतलं. जगात प्रसिद्ध आहे म्हणे.

विनू: म्हणजे आमच्या बिल्डरने पाया खणला तेव्हा डंपर भरून निघालं असेल. आणि आम्ही पाण्याच्या टँकरला वर्गणी काढतोय 😭

भाऊकाका: लोणारही त्याच काळ्या पाषाणात आहे. त्यांचं विवर चुनखडी आणि वाळूच्या दगडातलं.

विनू: काका, मान्य. लोणार मोठं. लोणार काळं. लोणार जिंदाबाद.

मंदार: बाबा, शेवटचं विचारतो. रद्द करू का?

नाना: कर. तू मेहनत घेतलीस, कळतं मला. सेडोना-बिडोना तुम्ही जा, तुमचे गुडघे चांगले आहेत. होस्टेलात दिवाकर आणि मी एका खोलीत राहिलो, त्यानंतर इतके दिवस सलग गप्पा मारल्या नव्हत्या. आणि तो आता पुण्याला येईल असं वाटत नाही.

मंदार: आधी सांगायचं होतं ना हे.

सुमाकाकू: तू विचारलंस कुठे? तू पीडीएफ पाठवलीस.

मीनलवहिनी: काकू, पॉलिसी?

सुमाकाकू: पर्समध्ये आहे ग. मंदारने निघायच्या आधीच काढली होती. फोटो टाकते.

मंदार: केलं रद्द.

शशीआत्या: दादा, एप्रिलमध्ये नाशिकला या. उभ्या उभ्या नको, आठवडाभर. मीही काही दाखवायला नेणार नाही, बसू नुसते.

सुमाकाकू: येतो वन्सं. तेवढी लिफ्ट चालू करून घ्या.

शशीआत्या: लिफ्टचं सेक्रेटरींना विचारा. त्यांचा नंबर विनूकडे आहे, तोही रविवारीच मिळेल.