बॉम्बे रक्तगटाला ओ निगेटिव्हसुद्धा चालत नाही

‘ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं’ असं सर्रास म्हटलं जातं, पण बॉम्बे या दुर्मिळ रक्तगटापुरतं हे विधान जीवघेणं आहे. ए आणि बी प्रतिजन (लाल पेशींवरच्या, रक्तगट ठरवणाऱ्या खुणा) एच प्रतिजनावर बांधले जातात. या लोकांच्या पेशींवर तो एचच नसतो. तो बनवणारं एफयूटी१ जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या दोन्ही प्रती निकामी असाव्या लागतात. ए-बीची जनुकं मात्र शाबूत राहू शकतात. म्हणून आई बॉम्बे, वडील ओ आणि मूल बी निघालं, तर उगाच पितृत्वावर शंका घेऊ नये!

ओ पेशींवर एच सर्वांत जास्त. बॉम्बे रुग्णाच्या रक्तातलं अँटी-एच (एचविरुद्धचं प्रतिपिंड) ३७ अंशांनाही, म्हणजे शरीराच्या तापमानालाही, काम करतं आणि त्या पेशी रक्तवाहिनीतच फोडतं. मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत हा गट नोंदवला, तरी चूक अजून तीच होते: फक्त पेशी तपासल्या की निकाल ‘ओ’ येतो. सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) तपासताना ए, बी पेशींबरोबर ओ पेशीही घ्या. त्यांच्याशीही गुठळ्या झाल्या आणि ऑटो कंट्रोल (रुग्णाचं सीरम त्याच्याच पेशींशी तपासणं) निगेटिव्ह असला, तर रुग्णाच्या पेशींना अँटी-एच लेक्टिन (एचला चिकटणारं वनस्पतीतलं प्रथिन) लावा. गुठळी नाही, तर बॉम्बेचा दाट संशय. पॅरा-बॉम्बे हा बॉम्बेसारखाच दिसणारा गट वेगळा काढायला पुढच्या चाचण्या लागतात.

दाता शोधताना आधी सख्खी भावंडं तपासा. आईवडील दोघे वाहक (जनुकाची एकच प्रत निकामी असलेले) असतील तर प्रत्येक भावंड बॉम्बे असण्याची शक्यता २५ टक्के. आरएच जुळवणं अर्थात आहेच. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर स्वतःचंच रक्त साठवून ठेवता येतं.