प्रतिसाद: परदेशातली आजी गेली, शेवटचं दर्शनही नाही

मूळ लेखात लिहिलंय की परदेशातल्या माणसाचं अंत्यदर्शन झालं नाही तर दुःख अडकून राहतं. अडकतं खरं, पण ते मोकळं व्हायला तिथे पोचायलाच हवं असं मला नाही वाटत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ठाण्यातले. आजी इस्राएलमध्ये, दिमोना या गावी वारली. आमच्यात दफन शक्यतो त्याच दिवशी करतात, थांबत नाहीत, त्यामुळे बाबांना विमानाचं तिकीट काढण्याइतकाही वेळ नव्हता. पण लांबच्यांचा विचार आमच्या नियमांत फार पूर्वीपासून आहे, बातमी तीस दिवसांच्या आत कळली तर कळल्यापासून पूर्ण सात दिवस घरी शोक पाळत बसायचं, यालाच शिवा म्हणतात, आणि त्यानंतर कळली तर तासभर. तर बाबा इथेच बसले, शोकाच्या रीतीप्रमाणे शर्ट फाडून, खाली जमिनीवर. पहिलं जेवण आपल्या घरचं खायचं नसतं, ते शेजारच्या काकूंनी आणलं, वरणभात आणि उकडलेली अंडी, त्यांना हे कोणी सांगितलं कोण जाणे.

नातवंडांना मात्र शिवा लागू नसतो, तो आईवडील, भावंडं, नवराबायको आणि मुलं यांच्यासाठीच. मला ते फार लागलं, कारण मला वाढवलं तिनेच, तिकडे जाईपर्यंत. मग मी रोज संध्याकाळी आत्याला व्हिडिओ कॉल लावून आजीबद्दल काहीतरी विचारायचे, गव्हाच्या चिकाच्या हलव्याला नारळाचं दूध किती घालायची इथपासून. आत्या मराठीत सांगायची आणि तिची मुलं मध्येच हिब्रूत भर घालायची. ज्यांना जाता आलं नाही त्यांनी निदान असे फोन तरी करा, आणि लगेच करा, त्या दिवसांत माणसं भरभरून बोलतात.