‘पायपर’ म्हणजे नशेतली बडबड? मग जरा बसून ऐका

तबकडीवेडा:
परवा इथेच एकाने पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडच्या सगळ्या अल्बमची क्रमवारी लावली. त्यांचा १९६७ चा पहिला अल्बम ‘द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन’ सगळ्यात तळाला, आणि वर एका ओळीत निकाल: ‘नशेत बडबडलेली बालगीतं, खरा फ्लॉइड १९७३ पासून’. लोकांनी भराभर अंगठे पण दिले. तेव्हापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

नशेत बडबडणारा माणूस गाणं मोडून परत बांधत बसत नाही. ‘मटिल्डा मदर’मध्ये सिड बॅरेटने, म्हणजे बँडच्या तेव्हाच्या गायक-गिटारवाल्याने, आधी हिलेर बेलॉक या इंग्लिश कवीच्या ओळी घेतल्या होत्या. बेलॉकच्या वारसांनी परवानगी दिली नाही, तर याने शब्दच नव्याने लिहिले, आणि आज जे गाणं आहे त्यात आईने गोष्ट अर्ध्यात सोडली म्हणून कासावीस झालेलं पोर आहे, कीबोर्डवाला रिक राइट गातो आणि मधला तो ऑर्गन, अरे काय सुंदर आहे तो! ‘बाइक’ला लोक हसतात, पण एकदा ताल धरून बघा, ओळी मुद्दाम लांबआखूड आहेत, हात चुकतोच चुकतो. आणि शेवटी ती दुसरी खोली उघडते, घड्याळं, घंटा, मग ते बदकांसारखं हसणं फिरत राहतं. १९६७ साली हे टेपवर करायला किती मेहनत लागत असेल? ११ गाण्यांतली ८ एकट्या सिडची, तेव्हा वय २१. शेजारच्या स्टुडिओत बीटल्स ‘सार्जंट पेपर’ करत होते, आणि यांचा प्रोड्यूसर नॉर्मन स्मिथ हा ‘रबर सोल’ अल्बमपर्यंत बीटल्सचाच इंजिनिअर. एवढ्या शिस्तीच्या जागेत नुसती बडबड करून अल्बम झाला असता का?

घाटमाथा:
ती क्रमवारी माझीच आहे, आणि मी एक अक्षर मागे घेणार नाही. ‘द नोम’ ऐकून सांगा, ग्रिंबल ग्रंबल नावाचा बुटका, हे रॉक आहे? ‘स्केअरक्रो’ तसंच. ‘चॅप्टर २४’ म्हणजे ‘आय चिंग’ हे जुनं चिनी पुस्तक उघडून त्यातली वाक्यं चालीत बसवलेली. सिडच्या जागी डेव्हिड गिल्मोर आल्यावर या बँडला गळा आणि गिटार दोन्ही मिळालं. त्याच्याआधीचं फक्त इतिहास म्हणून ठीक.

लाल_ॲम्प:
दोघेही वेगळ्याच गाण्यांवर भांडताय. हा बँड लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये जे वाजवायचा ते लांबलचक, अंगावर येणारं, मागे भिंतीवर रंगीत तेलाचे लाइट. ते अल्बममध्ये फक्त ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’मध्ये उरलं, पावणेदहा मिनिटं. बाकी सगळं स्मिथने तीन-चार मिनिटांच्या डब्यात भरलं. माझा राग सिडवर नाही, स्मिथवर आहे.

तबकडीवेडा:
@लाल_ॲम्प स्मिथला ही गाणी फारशी आवडत नव्हती हे मान्य. पण त्याने डब्यात भरलं म्हणूनच ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’ एवढं घट्ट आहे, बँडचा मॅनेजर पीटर जेनर मेगाफोनवर ग्रहांची नावं वाचतो आणि चार मिनिटांत खेळ खलास. क्लबमधलं तसंच्या तसं टाकलं असतं तर आज कोणी ऐकलं नसतं.

मोनोभक्त:
एक विचारू? तुम्ही सगळे कुठलं मिक्स ऐकताय, मोनो (सगळा आवाज एकाच ठिकाणाहून) की स्टीरिओ (डावा-उजवा वेगळा)? कारण स्टीरिओ ऐकत असाल तर ही सगळी चर्चा फुकट आहे. १९६७ साली इंग्लंडमध्ये मोनो हेच मुख्य मिक्स, त्यावर वेळ दिला गेला, स्टीरिओ नंतर घाईत उरकलं. ‘इंटरस्टेलर’च्या शेवटी गिटार डावीकडून उजवीकडे पळते ना, तेवढ्यासाठी लोक स्टीरिओला डोक्यावर घेतात.

लाल_ॲम्प:
ती पळणारी गिटार हाच तर त्या गाण्याचा कळस आहे! हेडफोन लावून अंधारात ऐका. मोनोमध्ये सगळं एका ठिकाणी गर्दी करून उभं असतं.

मोनोभक्त:
गर्दी नाही, जोर आहे तो. ‘ल्युसिफर सॅम’ची गिटार मोनोत छातीवर येते. २००७ ला चाळिसाव्या वर्षाचा सेट निघाला त्यात दोन्ही मिक्स आहेत, लागोपाठ लावा आणि मग बोला.

पेठेतली:
मोनोचा विषय निघालाच आहे तर, एका दुकानदाराने मला ‘ओरिजिनल सदुसष्टची मोनो’ म्हणून महिन्याचा पगार घेतला. घरी येऊन बघते तर २०१८ ची नवी छपाई. परत करायला गेले तर म्हणे ऐकायला तीच आहे ना. या तबकडीच्या नादाने बाजार इतका चढलाय की साधा ऐकणारा मेला.

घाटमाथा:
आणि अमेरिकन आवृत्ती कोणी ऐकली आहे का? त्यातून ‘ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी’, ‘फ्लेमिंग’, ‘बाइक’ काढून टाकली आणि ‘सी एमिली प्ले’ घातलं. मला विचाराल तर तोच जास्त चांगला अल्बम.

मोनोभक्त:
पहिलं गाणंच काढलेला अल्बम चांगला? तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

घाटमाथा:
मग नका बोलू. मिक्सच्या गप्पा मारून गाणी चांगली होत नाहीत, काका.

मोनोभक्त:
काका कोणाला म्हणता? मुद्दा संपला की वय काढायचं.

सांजवारा:
मी मिक्सबद्दल बोलणार नाही. माझा चुलतभाऊ कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, फार चांगला वाजवायचा. त्याच्या खोलीत सिडचा फोटो होता. तो हळूहळू तुटत गेला, भलतंच बोलायला लागला, आणि आजूबाजूचे मित्र म्हणायचे की हा आपला सिड आहे, असंच असतं मोठ्या कलाकारांचं. डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला तो यामुळे. आज गोळ्यांवर आहे, गिटारला हात लावत नाही. सिडचंही मन असंच ढासळत गेलं, १९६८ च्या एप्रिलमध्ये तो बँडमधून बाहेर पडला, पुढे २००६ ला वारला तोपर्यंत बराच काळ केंब्रिजला एकटा राहिला. याची जत्रा करणारे लोक मला सहन होत नाहीत. या अल्बमवर कोणी ‘वेडातली प्रतिभा’ लिहिलं की मी पुढे वाचत नाही.

तबकडीवेडा:
@सांजवारा भावाचं वाचून वाईट वाटलं. पण म्हणूनच मी वर ते सगळं लिहिलं. ‘पायपर’ केला तेव्हा सिड काम करत होता, स्टुडिओत येत होता, शब्द बदलत होता, बिन्सनच्या एको मशीनमधून आणि लायटर तारांवर घासून आवाज शोधत होता. आजार नंतर वाढला आणि त्याने काम थांबवलं. गाणी आजाराने लिहिली नाहीत, त्याने लिहिली. ‘नशेतली बडबड’ म्हणणारे आणि ‘वेडातली प्रतिभा’ म्हणणारे दोघेही त्याच्याकडून त्याची मेहनत काढून घेतात.

सांजवारा:
हे पटतंय. पूर्ण नाही, कारण त्याच सहा-आठ महिन्यांत त्याच्यात फरक पडत होता हे बँडमधल्यांनीच नंतर सांगितलंय. पण मेहनतीचं म्हणाल तर ठीक.

घाटमाथा:
बरं, ‘नशेत’ हा शब्द काढतो. ‘बालगीतं’ राहणार. आणि क्रमवारीत तळालाच राहणार, फार तर तळापासून दुसरा.

तबकडीवेडा:
बालगीतं आहेतच, अल्बमचं नावच ‘द विंड इन द विलोज’ या मुलांच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाचं आहे. लहानपण इतकं भीतीदायक आणि इतकं गोड एकत्र कोणत्या रॉक बँडने पहिल्याच अल्बममध्ये आणलं, ते एक नाव सांगा.

मोनोभक्त:
आधी त्यांना मोनो ऐकू दे.

लाल_ॲम्प:
स्टीरिओ. हेडफोनवर. अंधारात.