टक्का मोजताना भागायचं कशाने?

'१९७२ नंतर अमेरिकन लोकांचा मतदानातला रस आटत गेला' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. त्यासाठी दाखवतात ती मतदानाची टक्केवारी काढताना भागलंय १८ वर्षांवरच्या सगळ्या रहिवाशांच्या संख्येने. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एच-वन-बी व्हिसावर राहणारा आपला मराठी इंजिनिअरही त्यात आला, आणि त्याला तर मताचा हक्कच नाही! असे लोक वाढले, शिक्षेमुळे मताधिकार गमावलेले वाढले, की टक्का आपोआप उतरलेला दिसतो. मायकेल मॅकडॉनल्ड आणि सॅम्युअल पॉपकिन या राज्यशास्त्रज्ञांनी २००१ साली ही मंडळी वगळून आणि परदेशात राहणारे अमेरिकन नागरिक धरून हिशेब मांडला, तेव्हा ती घसरण जवळपास उरलीच नाही. २०२० मध्ये तर पात्र नागरिकांपैकी सुमारे ६६ टक्क्यांनी मत दिलं, १९०० नंतरचा उच्चांक. तरी तिघांतला एक आलाच नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याची.