मुलगी वाचतच नाही, काय करू?

घोडबंदरकर: लेक आठ वर्षांची, पुस्तक दिलं की पाच मिनिटांत मोबाईल. जेम्स पॅटरसन या अमेरिकन लेखकाबद्दल वाचलं, त्याचा मुलगाही त्याच वयात वाचत नव्हता, मग सुट्टीत घरकाम माफ पण रोज वाचायचंच, असा सौदा केला म्हणे. आमच्याकडे घरकाम तरी कोण करतंय 😀 कोणी करून बघितलंय का?

ऐरोलीचा बाबा: सौदा जाऊ दे, पुस्तक तिला निवडू दे. मी संस्कारकथा आणत होतो आणि पोरगा भुताच्या गोष्टी मागत होता, शेवटी दिल्या, आता जेवताना ताटाला टेकवून वाचतो, पानांवर आमटीचे डाग. बायको वैतागते, मी गप्प.

नौपाड्याची आजी: अगं, मराठी ग्रंथ संग्रहालयात घेऊन जा ना तिला, १८९३ पासून आहे आपल्या ठाण्यात. आणि 'किशोर'चे जुने अंक बालभारतीच्या साईटवर फुकट आहेत. मी नातीला रात्री गोष्ट वाचून दाखवते आणि ऐन रंगात आली की चष्मा काढून ठेवते, डोळे दुखतात म्हणून. पुढचं ती स्वतःच वाचते, चडफडत.

घोडबंदरकर: आजी, चष्म्याची आयडिया भारी! पण मला चष्मा नाहीये, जांभई चालेल?