नेट नसलेल्या वर्गासाठी फुकट काय चालेल?

धारणी तालुक्यात आमची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी माझ्याकडं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, अन् लाइन गेली की संध्याकाळीच. एक जुना लॅपटॉप आहे. पोरं घरी कोरकू बोलतात, त्यामुळं मराठी वाचनाचंच जास्त बघायचं आहे. काय सुचवाल?

उत्तर १: मॅडम, स्टोरीवीव्हर बघा, पोरांच्या गोष्टींची वेबसाइट. प्रथम बुक्स या प्रकाशनाची आहे, २०१५ पासून. वाचनाच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत पानावर चित्र अन् एखादंच वाक्य. पीडीएफ उतरवून घ्या, छापून वाटली तरी चालते, परवानगी खुली आहे.

उत्तर २: गणितासाठी फेट, म्हणजे स्क्रीनवर स्वतः हलवून-बदलून बघायचे प्रयोग. कोलोरॅडो विद्यापीठाचं, मराठीतही मिळते. फाइल पेनड्राइव्हवर घ्या, ब्राउझरमध्ये बिननेटची उघडते. अपूर्णांकाचं तं पोरं सोडतच नाहीत! सरकारच्या दीक्षा ॲपमधले धडेही तालुक्याला गेल्यावर उतरवून ठेवा. पण आधी फोनातली जागा पाहा, नाही तं अर्ध्यात अडकते.

उत्तर ३: बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेतच. बाकी ‘मोफत’ म्हणून पोरांचे नंबर मागणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका.

मॅडम: फेट आजच उतरवते. छापायला शाई कोण देते सर, तेवढं सांगा!