खोलीचा आवाजही शूट करा
चित्रण उरकलं की फिल्म झालीच, मग फक्त संकलन, असं म्हणतात. गोव्यात पावसाळ्यात शूट करणाऱ्यांना हे लागू होत नाही. आमची कॉलेजची फिल्म फोंड्याजवळच्या कौलारू घरात झाली. एका टेकला कौलांवर सर कोसळतेय, पुढच्या टेकला नुसत्या पागोळ्या, त्यात मध्येच पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू! चित्र जुळायचं, पण प्रत्येक कटला पाऊस तुटायचा, आणि कानाला ते लगेच खटकतं.

वाचवलं ते आमच्या साउंडवाल्या मुलीने. दर सीननंतर सगळ्यांना गप्प उभं करून ती मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करायची. त्यातला जोराच्या पावसाचा तुकडा हलक्या पावसाच्या टेकखाली सलग पसरला आणि सांधे बुजले. हा रूम टोन, म्हणजे खोलीचा नुसता आवाज, त्याच खोलीत, माइक न हलवता घ्यावा. दुसरीकडचा बसत नाही.